बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे, ‘भिऊ नकोस’ पाठ आहे, तरी झोप का लागत नाही?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याला वीस-बावीस वर्षांची खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, सवय. गालाच्या आत पांढरट चट्टा दिसतो, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सहन होत नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवलाय आणि रिपोर्टला अजून काही दिवस आहेत. ताईंना रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. चर्चमधल्या एका भगिनीने सांगितलं, ‘भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय. स्तोत्र ९१ रोज सात वेळा वाचा.’ ताईंनी तसं वाचलं. भीती गेली तर नाहीच, वर आपला विश्वासच पोकळ आहे की काय ही नवी भीती लागली. आता त्या विचारतात: संकटात ख्रिस्ती माणसाने भीतीवर मात करायची म्हणजे नेमकं करायचं काय? आणि रिपोर्ट वाईट आला तर तेरा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं?

ताई, सलाम. मी पाळक आहे. धंतोलीपासून मेडिकल कॉलेजपर्यंतच्या वॉर्डांबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी बोलणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे. तुमची दुसरी भीती आधी हातात घेतो, कारण ती निघाली नाही तर पहिलीवर काहीच चालत नाही.

भीती वाटणं हा अविश्वास असेल, तर येशूला पकडलं त्या गेथशेमाने बागेतल्या रात्रीचं काय करायचं? मार्कच्या चौदाव्या अध्यायात येशू अतिशय व्याकूळ झाला असं सरळ लिहिलंय. ‘माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे’ हे त्याने स्वतःच्या तोंडाने तिघा शिष्यांना सांगितलं आणि जागे राहा म्हणून विनवलं. ते झोपले, ते सोडा. मत्तय पुढे सांगतो की तिसऱ्यांदा प्रार्थना करतानाही तो तेच शब्द पुन्हा बोलला. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याच्या मोठ्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेख आहे. घाम फुटलेला, मित्रांची सोबत मागणारा, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करणारा हा माणूस आपल्या विश्वासाचा केंद्रबिंदू आहे. तुमची धडधड बघून तो तुमचा विश्वास मोजायला बसणार नाही.

आता स्तोत्र ९१, देव रक्षण करील असं सांगणारं. एप्रिल २०२१ आठवा, कोरोनाची दुसरी लाट. नागपुरात बेड मिळत नव्हते, ऑक्सिजनसाठी वणवण चालली होती, आणि आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच स्तोत्र फिरत होतं. कुणी दारावर चिकटवलं, कुणी उशाखाली ठेवलं. ज्या घरांत ते रोज वाचलं गेलं त्यांतल्याही काही घरांतून माणसं गेली. ती घरं मला नंतर एकच विचारत होती, ‘आमच्या विश्वासात काय कमी होतं जी?’ या प्रश्नाने माणूस आतून पोखरला जातो. म्हणून सांगतो, हे स्तोत्र ताइतासारखं वापरायला कोण सुचवतो ते शुभवर्तमानात पाहा. मत्तय ४:६ मध्ये सैतान याच स्तोत्रातल्या ११ आणि १२ या ओव्या येशूला ऐकवतो: मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील. येशूने ते नाकारलं, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला. स्तोत्र खोटं नाही. मीही ते वाचतो, पण पंधराव्या ओवीवर थांबून वाचतो: संकटसमयी मी त्याच्याजवळ असेन. म्हणजे संकट येणार हे स्तोत्राने धरूनच ठेवलंय.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. ‘रिपोर्ट चांगलाच येईल’ याची हमी म्हणून विश्वास धरला की भीती वाढते. मग प्रत्येक सोनोग्राफी, प्रत्येक तपासणी ही तुमच्या विश्वासाची परीक्षा होऊन बसते. चट्टा किंचित मोठा दिसला की आजाराची भीती वेगळी आणि ‘देवाने ऐकलं नाही’ ही वेगळी. सात वेळा वाचायचं ते सहा वेळाच झालं तर तिसरी. तेच ‘तू माझ्याजवळ आहेस’ एवढंच धरलं, तर रिपोर्टमध्ये काहीही आलं तरी ते वाक्य खोटं ठरत नाही. भीती तेवढ्याने पळून जात नाही, पण ती तुम्हाला एकटीला गाठू शकत नाही.

बायबलात ‘भिऊ नका’ ३६५ वेळा आलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. मोजायला बसलं तर तो हिशेब जुळत नाही, सोडून द्या. त्यापेक्षा ते शब्द येतात तिथे पुढे काय लिहिलंय ते पाहा. बहुतेक ठिकाणी एक तर सोबतीचं वचन असतं, जसं यशया ४१:१० मध्ये ‘मी तुझ्याबरोबर आहे’, किंवा लगेच करायचं एखादं साधं काम असतं. ‘तुझी भीती कमी पडायला हवी होती’ असा दम मला तरी फारसा कुठे सापडलेला नाही. आपण मात्र पुढचा भाग कापतो आणि उरलेले दोन शब्द एकमेकांच्या डोक्यात मारतो.

कामाचं उदाहरण म्हणून एलिया घ्या. १ राजे १९. ईजबेल राणीच्या धमकीने हा एवढा मोठा संदेष्टा पळत सुटला आणि अरण्यात एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे केला. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. प्रेषितांची कृत्ये २७ मध्येही तेच दिसतं. तारवात २७६ माणसं, चौदा दिवस वादळ, कुणाच्या पोटात अन्नाचा कण नाही. पौल सगळ्यांना म्हणतो, आधी खा. स्वतः भाकर घेतो, सर्वांसमोर देवाचे आभार मानतो आणि मोडून खायला लागतो. तारू फुटायचं ते फुटलंच. माणसं फळ्यांवर तरंगत किनाऱ्याला लागली.

तेव्हा पहिलं काम: जेवा. तुम्ही पत्रात उपवास-प्रार्थना धरल्याचं लिहिलंय. तुम्हाला बीपीची गोळी सुरू आहे, झोप मोडलेली आहे, आणि पुढचे काही महिने दवाखान्याचे जिने चढायचे असतील. सध्या उपवास नको. त्याऐवजी त्या वेळेत मोबाईलचा उपवास करा, विशेषतः त्यावर फोटो बघून नवऱ्याच्या गालाशी ताडून पाहण्याचा.

रात्री अडीचचं सांगतो. त्या वेळी ईश्वरविज्ञान करायचं नाही. ‘देवाने असं का केलं’ हा प्रश्न दिवसा, चहा पिताना, कुणासोबत बसून विचारायचा. अडीच वाजता शरीराने धोक्याची घंटा वाजवलेली असते. हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. त्या अवस्थेत वचनं आठवली तरी आत उतरत नाहीत, यात तुमचा दोष नाही. उठून बसा, दोन्ही पाय फरशीला टेकवा, पाण्याचे दोन-चार घोट घ्या. मग श्वास आत घेताना मनात ‘प्रभू येशू’, आणि सोडताना हळूहळू, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून, ‘माझ्यावर दया कर’. हे शब्द बार्तीमयाचे. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या त्या आंधळ्याला लोक गप्प बस म्हणत होते, तरी तो हेच ओरडत राहिला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ही श्वासाची प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. लांब सोडलेल्या श्वासाने धडधड उतरते, हे तुम्हाला कुठलाही डॉक्टर सांगेल. दहा मिनिटं करा. झोप नाही लागली तरी चालेल.

धडधड बसल्यावर स्तोत्र १३ पुटपुटत वाचा, ९१ नको. सहाच ओव्या आहेत. दावीद सुरुवातीलाच चार वेळा ‘कोठवर’ विचारतो: कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? मग मागणं मागतो. भरवशाची गोष्ट अगदी शेवटी येते, तीही तक्रार मागे न घेता. तुमच्या प्रार्थनेतही हाच क्रम ठेवा. ‘प्रभू, तुझी इच्छा’ यावर घाईने उडी मारू नका. आधी भीती नावानिशी सांगा: ‘यांचा जबडा कापावा लागेल याची मला भीती वाटते. ते बोलू शकणार नाहीत याची वाटते. घराचे हप्ते मी एकटी कशी भरू याची वाटते.’ नाव नसलेली भीती पूर्ण घर व्यापून बसते. नाव दिलं की तिचे तुकडे पडतात, आणि त्यातल्या एकदोन तुकड्यांवर सकाळी काहीतरी करता येतं. आणि एखाद्या रात्री शेवटचा भरवसा ओठांवर आलाच नाही, तर स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते बायबलात आहे.

या यादीत राग येईल, ताई. तो पत्रात ओळींच्या मधून दिसतोच आहे. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, घरी येताना खिशात दोन पुड्या, तुम्ही किती वेळा बोलला असाल. आता त्या माणसाची भीतीही वाटते आणि त्याच्यावर संतापही येतो, आणि आजारी माणसावर रागावल्याची लाजही. हा गुंता मी विदर्भातल्या कितीतरी घरांत पाहतो, कारण सुपारी-तंबाखूने होणारे तोंडाचे आजार आपल्याकडे घरोघर आहेत. देवासमोर राग काढा, स्तोत्रकर्त्यांनी तो भरपूर काढलाय. नवऱ्यासमोर या आठवड्यात नको. आणि कुणी ‘ही देवाची शिक्षा’ म्हणालं तर योहान ९ सांगा. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी ‘पाप कुणाचं?’ विचारलं, तेव्हा येशूने तो हिशेबच मोडून काढला. सुपारी आणि तंबाखू पेशींचं जे करतात ते करतात. त्यासाठी देवाला काठी उगारावी लागत नाही. खर्रा मात्र आजच बंद, रिपोर्टची वाट न पाहता. ती विश्वासाचीच कृती आहे, आणि ती त्यांना करू द्या. सवय जुनी आहे, एकट्याच्या जिवावर सुटत नसेल तर डॉक्टरांना विचारा, त्यासाठी मदत मिळते. हेही ध्यानात ठेवा की गालातला प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो. तो आहे की नाही हे तुकडा तपासूनच कळतं. असला, तरी लवकर सापडलेल्याला उपचाराने बरं होण्याची संधी चांगली असते.

दिवसाच्या चिंतेसाठी मत्तय ६. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळून राहिले, ही हकिगत आपल्या मंडळ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. उद्याची चिंता करू नका, हे त्याच प्रवचनात येतं. लोक ते ऐकून म्हणतात, ‘म्हणायला सोपं आहे.’ पण येशू तिथे दिवस सुखाचा असेल म्हणत नाही, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे म्हणतो. अरण्यात देवाने इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाचा, मान्न्याचाही नियम हाच होता: त्या दिवसापुरतं गोळा करायचं. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, अपवाद सोडून दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडायचे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की रोज संध्याकाळी वीस मिनिटं वही घेऊन बसायचं. पानाच्या एका बाजूला उद्या करायची कामं, दुसऱ्या बाजूला ज्यावर आपला काहीच ताबा नाही ते. दुसरी बाजू मोठ्याने वाचून प्रार्थनेत ठेवायची आणि वही मिटायची. दिवसभरात नवी चिंता आली तर तिला संध्याकाळची वेळ द्यायची.

पहिल्या बाजूला पैशाचा विषय लगेच लिहा, कारण निम्मी धडधड त्याचीच असते आणि आपले लोक ती ‘आध्यात्मिक’ समजून प्रार्थनेत गुंडाळतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रिपोर्टच्या आधीच त्याला भेटा, कुठली कागदपत्रं अपुरी आहेत ते कळेल. मानेवाडा रोडवरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलबाहेर पार छत्तीसगड-मध्य प्रदेशातून आलेली माणसं दिसतील. तुम्ही नागपूरकर आहात, निदान राहण्याची अडचण नाही.

आणि मंडळीला कळवा. त्या भगिनीखेरीज अजून कुणाला सांगितलं नाही म्हणता, ‘साक्ष बिघडेल’, लोक विश्वासाला नावं ठेवतील म्हणून. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्यानेच मंडळीच्या वडीलजनांना बोलवायचं आहे, त्यांनी अंतर्ज्ञानाने ओळखायचं नाही. पण ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगू नका. ‘बुधवारी सकाळी ओपीडीच्या रांगेत एक माणूस हवा, आणि गुरुवारी मुलाला ट्यूशनला सोडायला कुणीतरी’ असं सांगा. लोकांना मदत करायची असते, पण काय करायचं ते सुचत नाही, मग ते वचनं पाठवत बसतात. रोमच्या वाटेवर पौलाला भेटायला बंधुजन अप्पियाच्या बाजारापर्यंत आले, त्यांना पाहून त्याने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला, असं कृत्ये २८:१५ मध्ये आहे. वादळातून आणि सापाच्या दंशातून वाचलेल्या प्रेषितालाही चार ओळखीचे चेहरे लागले. ते चेहरे आपल्याच चर्चचे असले पाहिजेत असंही नाही. याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मग तुमच्या शेजारच्या कॅथलिक काकू जपमाळ घेऊन बसायला तयार असतील तर त्यांना बसू द्या.

एका प्रकारच्या माणसापासून मात्र लांब राहा. ‘औषध बंद करा, तोच विश्वास’, ‘इतकं बीज पेरा (म्हणजे पैसे द्या), रिपोर्ट निल येईल’ असं म्हणणारा कितीही मोठ्या व्यासपीठावरून बोलत असला तरी त्याला घरात घेऊ नका. येशूच्या दाखल्यातल्या दयाळू शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं आणि पैसे स्वतः भरले. उपचार हा आपल्या धर्मात अविश्वास कधीच नव्हता. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीचंही बोलून ठेवतो. दोन आठवडे झोप अशीच मोडत राहिली, दिवसाही अचानक गुदमरल्यासारखं व्हायला लागलं, कामं हातून सुटायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगू नये असा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पाळकाला फोन करणं आणि तिथे फोन करणं यात निवड करायची गरज नाही.

रिपोर्टच्या दिवशी एकट्या जाऊ नका. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहून न्या: आजार कितपत पसरलाय, पुढची तपासणी कोणती, उपचार कधी सुरू, दुसरं मत घ्यायचं तर हरकत आहे का. वाईट बातमीनंतर पहिली दोन वाक्यं सोडून माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणून सोबतच्याने लिहून घ्यावं. निघण्याआधी घरात प्रार्थना कराल तेव्हा दानीएल ३ मधल्या त्या तिघांचं बोलणं आठवा. मूर्तीपुढे वाका नाहीतर भट्टीत टाकतो म्हणणाऱ्या राजाला शद्रख, मेशख आणि अबेद्नगो म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने तसं नाही केलं तरीही आम्ही वाकणार नाही. तुम्ही बरं होणं मागा, मनापासून, लाज न बाळगता मागा. आणि ‘नाही झालं तरीही’ हे वाक्य शेवटी ठेवा. सुरुवातीलाच ठेवलं तर ती प्रार्थना न होता हार पत्करणं होतं.

मुलाचं. तेरा वर्षांच्या पोराला घरात काय चाललंय ते तुम्हाला वाटतं त्याहून जास्त माहीत असतं. न सांगितलेलं तो मोबाईलवर शोधेल, म्हणून रिपोर्ट आला की दोघांनी मिळून, त्याच दिवशी, आजाराचं नाव घेऊन सांगा. ‘पप्पांना काही होणार नाही’ हे वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘येशू पप्पांना नक्की बरं करील’ हेही नको. उद्या तसं झालं नाही तर पोर बाप आणि देव दोन्ही एकदम गमावेल. असं म्हणा: ‘पप्पांना आजार आहे, उपचार सुरू होताहेत, मला भीती वाटते, तुलाही वाटेल. आपण रोज रात्री एकत्र प्रार्थना करू, आणि जे कळेल ते तुला खरं सांगू.’ त्याच्यासमोर रडू आलं तर रडा. त्याला एक काम द्या, खोटं खोटं नव्हे, खरंच उपयोगी, जसं औषधांच्या वेळा वहीत लिहिणं. आणि ‘पप्पांनी खर्रा खाल्ला म्हणून झालं ना?’ असं त्याने विचारलं, विचारेलच, तर उत्तर त्याच्या पप्पांना देऊ द्या. शाळेत वर्गशिक्षिकेला एक फोन करून ठेवा, म्हणजे गृहपाठ राहिला तर कारण ठाऊक असेल.